बेसबॉलमधील सर्वश्रेष्ठ शॉर्टस्टॉप कोण? क्रमवारीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शॉर्टस्टॉप म्हणजे नेमका कोण, आणि या एकाच जागेच्या क्रमवारीवर इतका वाद का होतो?

दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या (धावपटूने एकामागून एक गाठायच्या थांब्यांच्या) मधल्या जागेत उभा राहणारा क्षेत्ररक्षक म्हणजे शॉर्टस्टॉप. बहुसंख्य फलंदाज उजव्या हाताने खेळतात आणि त्यांच्या बॅटवरून जोरात निघालेला, जमिनीलगतचा चेंडू बहुधा मैदानाच्या डाव्या बाजूला येतो. त्यामुळे आतल्या क्षेत्रात सर्वाधिक काम याच जागेवर पडते. फलंदाजाला पहिला बेस गाठण्यासाठी ९० फूट धावायचे असते आणि त्यासाठी त्याला साधारण चार-साडेचार सेकंद पुरतात. तेवढ्या वेळात शॉर्टस्टॉपला चेंडूपर्यंत पोहोचायचे, तो अडवायचा, पाय सावरायचे आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला अचूक फेक करायची असते. पहिल्या बेसवर आधीच धावपटू असेल तर एकाच चेंडूवर दोघांना बाद करण्याच्या डावपेचाची सूत्रेही बहुधा त्याच्याच हाती असतात.

ही जागा इतकी अवघड असल्यामुळे अनेक दशके संघ असा विचार करत आले की, इथे उत्तम हात असलेला माणूस हवा, मग त्याची बॅट चालली नाही तरी हरकत नाही. बॉल्टिमोरच्या मार्क बेलँजर यांनी १८ हंगामांत ०.२२८ (फलंदाजीच्या दर हजार संधींत २२८ यशस्वी फटके, म्हणजे हिट) अशी क्षीण सरासरी राखली, तरीही क्षेत्ररक्षणासाठीचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार त्यांनी ८ वेळा मिळवला आणि संघातली त्यांची जागा वर्षानुवर्षे कायम राहिली. दुसऱ्या बाजूला ॲलेक्स रॉड्रिगेझ यांनी याच जागेवरून खेळताना २००२ मध्ये एका हंगामात ५७ होम रन (क्रिकेटमधील षटकारासारखे, मैदानाबाहेर जाणारे फटके) मारले. या दोघांना एकाच यादीत बसवायचे तर वाचवलेली धाव आणि काढलेली धाव यांचा हिशेब एकाच वहीत मांडावा लागतो. तो कसा मांडायचा, यावर जाणकारांचे एकमत नाही, आणि वादाचे मूळ तिथेच आहे.

क्रमवारी लावण्याआधी काय ठरवून घ्यावे?

पहिला प्रश्न असा की, आपण खेळाडूची संपूर्ण कारकीर्द मोजणार आहोत की शॉर्टस्टॉप म्हणून तो जितका खेळला तितकाच भाग. दुसरा प्रश्न, ऐन बहरातील पाच-सात वर्षांना अधिक मान द्यायचा की वीस वर्षांच्या सातत्याला. यातला मध्यम मार्ग म्हणून बेसबॉल लेखक जे जॉफी यांनी मांडलेली एक पद्धत बरीच वापरली जाते. तिच्यात कारकिर्दीची एकूण गुणसंख्या आणि सर्वोत्तम ७ हंगामांची गुणसंख्या यांची सरासरी काढतात. तिसरी गोष्ट म्हणजे खेळाडूला त्याच्या समकालीनांशी ताडून पाहायचे, की त्याला कल्पनेने आजच्या मैदानावर आणून उभे करायचे.

माझी भूमिका सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे पुढील उत्तरे कोणत्या नजरेतून दिली आहेत हे वाचकाला कळेल. शॉर्टस्टॉपची क्रमवारी ही त्या जागेवरच्या कामाची क्रमवारी असावी, क्षेत्ररक्षणाला तिच्यात पूर्ण वजन मिळावे, आणि प्रत्येकाची तुलना त्याच्याच काळातल्या खेळाशी व्हावी. ज्यांना संधीच नाकारली गेली, त्यांना आकडे अपुरे आहेत एवढ्या कारणाने वगळणे मला मान्य नाही.

होनस वॅग्नर यांचे नाव जवळजवळ प्रत्येक यादीत पहिले का असते?

कारण त्यांच्या आणि त्यांच्या समकालीनांच्या कामगिरीत जेवढे अंतर होते, तेवढे दुसऱ्या कोणत्याही शॉर्टस्टॉपच्या बाबतीत दिसत नाही. १८७४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील कोळशाच्या पट्ट्यात जन्मलेले आणि कोवळ्या वयातच खाणीत कामाला लागलेले वॅग्नर १८९७ ते १९१७ या काळात आधी लुइव्हिल आणि मग पिट्सबर्गकडून खेळले. ३,४२० हिट, ७२३ चोरलेले (फटका नसताना धावून गाठलेले) बेस आणि सरासरीत नॅशनल लीगमधील (अमेरिकेतील दोन प्रमुख लीगपैकी एक; दुसरी अमेरिकन लीग) अव्वल स्थान ८ वेळा, अशी त्यांची नोंद आहे. नॅशनल लीगमध्ये हा मान ८ वेळा मिळवणारे दुसरे खेळाडू फक्त टोनी ग्विन. १९३६ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी (बेसबॉलमधील थोरांच्या सन्मानदालनासाठी) पहिली निवड झाली तेव्हा निवडलेल्या पाचांत वॅग्नर होते आणि त्यांना बेब रूथ यांच्याइतकीच, म्हणजे २२६ पैकी २१५ मते पडली.

त्यांचा १९०८ चा हंगाम स्वतंत्रपणे पाहण्याजोगा आहे. त्या वर्षी चेंडू मऊ आणि मळलेला, चेंडू टाकणाऱ्या पिचरांचे वर्चस्व पुरते प्रस्थापित, आणि संपूर्ण नॅशनल लीगची सरासरी अवघी ०.२३९ इतकी घसरलेली होती. अशा वर्षी वॅग्नर यांनी ०.३५४ ची सरासरी राखली. लीग आणि मैदान यांचा परिणाम वजा करून फलंदाजी मोजणारा ‘ओपीएस प्लस’ नावाचा निर्देशांक आहे, त्यात सर्वसाधारण फलंदाजाला १०० गुण मिळतात. वॅग्नर यांचा त्या वर्षीचा निर्देशांक २०५ आहे आणि संपूर्ण कारकिर्दीचा १५१. हे सर्व त्यांनी मैदानातली सर्वांत कष्टाची जागा सांभाळताना केले. पुढच्याच वर्षी, १९०९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (दोन्ही लीगच्या विजेत्यांमधील अंतिम मालिकेत), टाय कॉब यांच्या डेट्रॉइट संघाविरुद्ध ७ सामन्यांत त्यांनी ६ बेस चोरले आणि पिट्सबर्ग जिंकले.

एक बारकावा मात्र लक्षात ठेवावा. वॅग्नर शॉर्टस्टॉपच्या जागेवर कायमचे आले ते १९०३ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी. त्याआधी ते बाह्यक्षेत्रात, पहिल्या बेसवर, तिसऱ्या बेसवर, जिथे गरज पडेल तिथे खेळत. १९०० मधील सरासरीचे अव्वल स्थानही त्यांनी बाह्यक्षेत्रात खेळून मिळवले होते. म्हणजे फक्त शॉर्टस्टॉप म्हणून झालेली कारकीर्द मोजायची ठरवली तरी, तिशीच्या उंबरठ्यावर सुरू झालेला हा माणूस इतरांच्या पुढेच राहतो.

शंभर वर्षांपूर्वीचा खेळाडू आजच्या खेळात टिकला असता का?

हा प्रश्न रंजक आहे, पण क्रमवारीसाठी निरुपयोगी आहे. वॅग्नर यांना आजच्या वेगाच्या पिचिंगचा सामना करावा लागला नाही हे खरे. तसेच आजच्या खेळाडूला खडबडीत मैदानावर, हाताच्या पंजापेक्षा फारसा मोठा नसलेला ग्लव्ह घालून चेंडू अडवावा लागत नाही, हेही खरे आहे. वॅग्नर यांचे शॉर्टस्टॉप म्हणून क्षेत्ररक्षणातील यशाचे प्रमाण ०.९४० आहे आणि १९८९ ते २०१२ या काळात खेळलेल्या ओमार विझकेल यांचे ०.९८५. नुसते आकडे शेजारी ठेवले तर वॅग्नर सामान्य वाटतील. प्रत्यक्षात त्यांच्या काळातील इतर शॉर्टस्टॉप त्यांच्याहून अधिक चुका करत असत. खेळाडूने आपल्या काळातील साधनांनिशी आपल्या काळातील प्रतिस्पर्ध्यांवर किती मात केली, एवढेच प्रामाणिकपणे मोजता येते.

‘वॉर’ हा आकडा सर्वत्र दिसतो. त्यानुसार उतरती यादी केली की काम संपले, असे का नाही?

वॉर म्हणजे एखाद्या संघाला सहज मिळू शकणाऱ्या बदली खेळाडूच्या तुलनेत या खेळाडूमुळे किती सामने अधिक जिंकता आले, याचा अंदाज. त्यात फलंदाजी, धावण्यातील चपळाई, क्षेत्ररक्षण आणि जागेची अवघडता हे सर्व धावांमध्ये मोजतात आणि साधारण १० धावांचा एक विजय धरतात. जागेच्या अवघडतेसाठी प्रचलित हिशेबात शॉर्टस्टॉपला पूर्ण हंगामामागे साधारण साडेसात धावांचा लाभ मिळतो, तर पहिल्या बेसवरच्या खेळाडूच्या खात्यातून साडेबारा धावा वजा होतात.

या मापाने ज्यांची मुख्य जागा शॉर्टस्टॉप मानली जाते त्यांच्यात वॅग्नर सुमारे १३१ गुणांसह पहिले, रॉड्रिगेझ सुमारे ११७ सह दुसरे आणि कॅल रिपकेन सुमारे ९६ सह तिसरे येतात. त्यानंतर एकदम दाटी होते. आर्की वॉन, ल्यूक ॲपलिंग, रॉबिन याउंट आणि ऑझी स्मिथ हे चौघे ७७-७८ च्या आसपास आहेत. डेरेक जीटर, ॲलन ट्रॅमल आणि बॅरी लार्किन हे तिघे ७० ते ७२ च्या दरम्यान. अर्नी बँक्स त्यांच्या जरा खाली.

इतक्या बारीक फरकावरून चौथा कोण आणि दहावा कोण हे ठरवणे योग्य नाही, कारण या आकड्यातील क्षेत्ररक्षणाचा भाग सर्व काळांसाठी सारख्या दर्जाच्या माहितीवर उभा नाही. वॅग्नर यांच्यासाठी आपल्याकडे फक्त झेल, फेकी आणि चुका यांच्या बेरजा आहेत. अलीकडच्या खेळाडूंसाठी प्रत्येक चेंडू कुठे पडला, कोणत्या वेगाने गेला आणि क्षेत्ररक्षक किती धावला याची नोंद आहे. वॉर हा चर्चेचा पाया म्हणून उत्तम आहे आणि मी तो तसाच वापरतो. पण दोन खेळाडूंत पाच गुणांचा फरक असेल तर आकडा बाजूला ठेवून खेळाकडे पाहावे लागते.

शॉर्टस्टॉपचे क्षेत्ररक्षण मोजायचे तरी कसे?

पूर्वीचे माप म्हणजे यशाचे प्रमाण: हाती आलेल्या संधींपैकी किती चुकीविना पार पडल्या. या मापातला दोष उघड आहे. जो क्षेत्ररक्षक लांबच्या चेंडूपर्यंत पोहोचतच नाही, त्याच्या नावावर चूकही लागत नाही. जो झेपावून तिथे पोहोचतो आणि घाईत फेक चुकवतो, तो मात्र दोषी ठरतो. बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांनी यावर उपाय म्हणून सामन्यामागे किती बाद घडवण्यात हातभार लागला हे मोजायला सुरुवात केली. त्यातही अडचण उरतेच: पिचर जमिनीलगतचे चेंडू मारायला भाग पाडणारे असले तर शॉर्टस्टॉपकडे काम अधिक येते, आणि ते फलंदाजांना बॅट न लागू देताच बाद करणारे असले तर कमी. आजकाल असे बाद होण्याचे प्रमाण इतके वाढले आहे की, जुन्या हंगामांतील फेकींच्या संख्येशी आजच्या संख्येची सरळ तुलना होऊच शकत नाही. २००३ पासूनच्या हंगामांसाठी प्रत्येक चेंडूच्या नोंदीवरून वाचवलेल्या धावा काढतात, आणि २०१६ पासून कॅमेऱ्यांनी टिपलेल्या हालचालींवरून क्षेत्ररक्षकाने अपेक्षेपेक्षा किती अधिक बाद केले हे सांगता येते.

एवढ्या मर्यादा असूनही एका माणसाबद्दल सर्व मापे एकाच दिशेला बोट दाखवतात. ऑझी स्मिथ यांनी सान दिएगोकडून १९८० मध्ये शॉर्टस्टॉपच्या जागेवरून फेक करून ६२१ वेळा बाद करण्यात हातभार लावला; एका हंगामातील हा विक्रम आजही त्यांच्याच नावावर आहे. कारकिर्दीतील अशा फेकींची त्यांची संख्या ८,३७५ आहे, आणि हाही शॉर्टस्टॉपांमधील उच्चांक आहे. १९८० ते १९९२ असे सलग १३ वेळा त्यांनी गोल्ड ग्लव्ह मिळवला. सेंट लुइसचे मैदान तेव्हा कृत्रिम हिरवळीचे होते, चेंडू त्यावरून सुसाट येई, आणि ते इतके मागे उभे राहून खेळत की सामान्य खेळाडूची फेक तिथून पोहोचलीच नसती. सरासरीच्या तुलनेत त्यांनी कारकिर्दीत दोनशेहून अधिक धावा वाचवल्या असा अंदाज आहे.

मराठी वाचकाला यासाठी एकनाथ सोलकर आठवावेत. २७ कसोटींत ५३ झेल ही त्यांची नोंद आहे, पण त्यांच्या जवळ उभे राहण्याने फलंदाजाच्या मनावर आलेला दाब धावफलकावर कधी लिहिला गेला नाही. स्मिथ यांच्या बाबतीत बेसबॉलने निदान तो हिशेब लिहिण्याचा प्रयत्न केला आहे, आणि तो हिशेब मला बराचसा विश्वसनीय वाटतो.

गोल्ड ग्लव्ह किती मिळाले, यावर विसंबावे का?

पूर्णपणे नाही. हा पुरस्कार संघांचे व्यवस्थापक आणि प्रशिक्षक मतांनी ठरवत आले आणि मतांवर नावलौकिकाचा प्रभाव पडतो. १९९९ मध्ये पहिल्या बेससाठीचा पुरस्कार राफाएल पाल्मेरो यांना मिळाला, आणि त्या वर्षी ते त्या जागेवर अवघे २८ सामने खेळले होते. २०१३ पासून आकडेवारीलाही त्यात वाटा दिला गेला आहे, त्यामुळे अलीकडचे निकाल अधिक भरवशाचे आहेत.

डेरेक जीटर पहिल्या तिघांत का नसतात? त्यांच्यावर अन्याय होत नाही का?

हा सर्वाधिक विचारला जाणारा आणि सर्वाधिक भावनेने विचारला जाणारा प्रश्न आहे. अमेरिकेत, विशेषतः न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीच्या परिसरात वाढलेल्या मराठी मुलांच्या एका पिढीने बेसबॉल पाहायला सुरुवात केली तेव्हा डोळ्यांसमोर यांकीज संघाचे जीटरच होते, हे मी समजू शकतो. त्यांच्या गुणांची यादी मोठी आहे. ३,४६५ हिट, ०.३१० सरासरी, ५ वेळा विजेतेपद, आणि हंगामोत्तर स्पर्धांत १५८ सामन्यांतून २०० हिट. म्हणजे जवळजवळ एक संपूर्ण जादा हंगाम, तोही सर्वोत्तम संघांविरुद्ध, आणि त्यातही त्यांची सरासरी ०.३०८. हॉल ऑफ फेमच्या मतदानात २०२० मध्ये त्यांना ३९७ पैकी ३९६ मते मिळाली.

परंतु क्षेत्ररक्षणाचे जवळपास प्रत्येक विश्वसनीय माप त्यांच्या विरोधात जाते. हाती आलेला चेंडू ते क्वचितच सोडत आणि उंच उडी घेऊन केलेली त्यांची फेक प्रेक्षणीय असे. मात्र त्यांच्या डाव्या बाजूने, मैदानाच्या मध्याकडे जाणाऱ्या चेंडूंपर्यंत ते पुरेसे पोहोचत नसत. कारकिर्दीत यामुळे संघाचे दोनशेहून अधिक धावांचे नुकसान झाले असा अंदाज आहे. या आकड्यातील त्रुटी मान्य करून तो निम्मा केला तरी स्मिथ आणि जीटर यांच्यातील क्षेत्ररक्षणाचे अंतर प्रचंडच राहते. फलंदाजीत जीटर यांचा ओपीएस प्लस ११५ आहे आणि स्मिथ यांचा ८७. हे अंतरही मोठे आहे, पण क्षेत्ररक्षणातील अंतराने ते भरून निघते आणि वर थोडे उरते.

२००१ च्या ऑक्टोबरमध्ये ओकलंडविरुद्धच्या सामन्यात जीटर मैदान ओलांडून पहिल्या बेसच्या रेषेजवळ धावत आले आणि भरकटलेली फेक पकडून त्यांनी ती उलट्या हाताने कॅचरकडे ढकलली, तो क्षण कोणीही विसरू शकत नाही. त्या एका क्षणातील समयसूचकता त्यांच्या संपूर्ण खेळात होती, असे मी मानतो. तरीही एक अविस्मरणीय क्षण आणि वीस वर्षांतील हजारो साधे चेंडू यांचे वजन क्रमवारीत सारखे असू शकत नाही.

२००४ मध्ये रॉड्रिगेझ यांकीजमध्ये आले तेव्हा त्याआधीच्या सलग दोन वर्षांचे शॉर्टस्टॉपचे गोल्ड ग्लव्ह त्यांच्याकडे होते. तरी तिसऱ्या बेसवर गेले ते रॉड्रिगेझ आणि जागेवर राहिले जीटर. संघ म्हणून तो निर्णय कर्णधाराच्या सन्मानासाठी योग्य असेलही. क्षेत्ररक्षणाच्या निकषावर तो उलटा होता.

रॉड्रिगेझ यांना कोणत्या क्रमांकावर ठेवावे?

शॉर्टस्टॉप म्हणून १,२७२ सामने आणि तिसऱ्या बेसवर १,१९४. म्हणजे त्यांच्या कारकिर्दीचा जवळजवळ निम्मा भाग दुसऱ्या जागेवर गेला. ६९६ होम रन आणि ३,११५ हिट यांतील बराच वाटा तिसऱ्या बेसवरच्या वर्षांतला आहे, आणि सर्वोत्तम खेळाडूच्या तीन पुरस्कारांपैकी २००५ आणि २००७ चे पुरस्कार त्याच जागेवरचे आहेत. संपूर्ण कारकीर्द मोजणाऱ्यांसाठी ते दुसरे. जागेवरचे काम मोजणाऱ्यांसाठी ते थोडे खाली घसरतात. १९९६ मध्ये, सिअॅटलकडून पहिलाच पूर्ण हंगाम खेळताना त्यांनी ०.३५८ सरासरीने लीगमध्ये अव्वल स्थान मिळवले, तेव्हापासून २००३ पर्यंतची आठ वर्षे मात्र इतकी तेजस्वी आहेत की ते फार खाली जाऊ शकत नाहीत.

दुसरी बाब उत्तेजकांची. २००१ ते २००३ या काळात बंदी असलेली द्रव्ये घेतल्याचे त्यांनी २००९ मध्ये स्वतः कबूल केले, आणि पुढे दुसऱ्या प्रकरणात २०१४ चा संपूर्ण हंगाम त्यांना निलंबित ठेवण्यात आले. हॉल ऑफ फेमसाठी लागणाऱ्या ७५ टक्के मतांच्या जवळपासही ते २०२२ च्या पहिल्या मतदानात पोहोचले नाहीत. माझ्या मते कबुलीची ती तीन वर्षे शॉर्टस्टॉपच्या जागेवरील त्यांच्या सर्वांत भरघोस वर्षांपैकी आहेत, आणि त्यांना इतरांच्या स्वच्छ वर्षांइतके वजन देता येत नाही. म्हणून मी त्यांना पाचव्या स्थानाच्या आसपास ठेवतो आणि त्यात थोडी ओढाताण आहे हे मान्य करतो.

अर्नी बँक्स आणि रॉबिन याउंट यांना शॉर्टस्टॉप मानावे का?

बँक्स यांना निश्चितच. ते पहिल्या बेसवर १,२५९ सामने खेळले आणि शॉर्टस्टॉप म्हणून १,१२५. पण १९५८ आणि १९५९ हे सर्वोत्तम खेळाडूचे दोन्ही पुरस्कार आणि ४० किंवा अधिक होम रनचे पाचही हंगाम शॉर्टस्टॉपच्या जागेवरचे आहेत. शिकागो कब्ज संघ त्यांच्या काळात हंगामोत्तर स्पर्धेत एकदाही पोहोचला नाही, याचा दोष त्यांच्या माथी मारू नये. याउंट यांचे काम खांद्याच्या दुखापतीनंतर १९८५ पासून बाह्यक्षेत्रात गेले, म्हणून मी त्यांना या यादीत फक्त १९८२ च्या विलक्षण हंगामासाठी आठवतो.

पॉप लॉइड यांचे नाव अनेक याद्यांत का दिसत नाही, आणि ते असायला हवे का?

असायलाच हवे. जॉन हेन्री लॉइड यांचा जन्म १८८४ मध्ये फ्लोरिडात झाला. ते कृष्णवर्णीय होते आणि त्यांच्या काळात मेजर लीगची (अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलची) दारे कृष्णवर्णीयांना बंद होती, म्हणून फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क आणि शिकागोतील कृष्णवर्णीयांच्या संघांकडून आणि हिवाळ्यात क्यूबामध्ये ते खेळले. १९१० च्या शेवटी डेट्रॉइटचा संघ हवानाला गेला होता. तिथे टाय कॉबही खेळले, आणि त्या मालिकेत लॉइड यांनी ०.५०० ची सरासरी राखली. लोक त्यांना ‘कृष्णवर्णीय वॅग्नर’ म्हणत, आणि ही तुलना वॅग्नर यांनी स्वतःचा सन्मान मानली असे सांगितले जाते.

मेजर लीगने २०२० च्या डिसेंबरमध्ये १९२० ते १९४८ या काळातील कृष्णवर्णीयांच्या सात लीगना मेजर लीगचा दर्जा दिला आणि २०२४ मध्ये त्यांची आकडेवारी अधिकृत नोंदींत समाविष्ट झाली. हे उशिरा का होईना, योग्य झाले. पण लॉइड यांच्या बाबतीत या निर्णयाचा उपयोग मर्यादित आहे, कारण १९२० मध्ये ते ३६ वर्षांचे होते. त्यांचा ऐन बहर त्या रेषेच्या अलीकडे, अधिकृत दर्जा नसलेल्या वर्षांत आहे. आकड्यांवर चालणाऱ्या यादीत ते म्हणूनच सापडत नाहीत. अपुऱ्या नोंदींमुळे त्यांना नेमका क्रमांक देणे कठीण आहे, हे मला पटते. त्या नोंदी अपुऱ्या राहण्याला वर्णभेद कारणीभूत असताना त्याच नोंदींच्या आधारे त्यांना वगळणे मला पटत नाही. १९७७ मध्ये, मृत्यूनंतर १३ वर्षांनी, त्यांना हॉल ऑफ फेममध्ये घेण्यात आले. त्यांच्यानंतरच्या पिढीतील विली वेल्स यांनाही हा मान मृत्यूनंतरच, १९९७ मध्ये मिळाला.

याच संदर्भात एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९४७ मध्ये ही भिंत पाडणारे जॅकी रॉबिन्सन १९४५ मध्ये कॅन्सस सिटी मोनार्क्स संघाचे शॉर्टस्टॉप होते, आणि आठ वर्षांनी बँक्सही त्याच संघातून शिकागोला आले.

कॅल रिपकेन यांचे स्थान केवळ सलग सामन्यांच्या विक्रमामुळे उंचावले आहे का?

नाही, उलट त्या विक्रमाने त्यांचे क्षेत्ररक्षण झाकून टाकले आहे. ६ सप्टेंबर १९९५ रोजी त्यांनी लू गेरिग यांचा २,१३० सलग सामन्यांचा विक्रम मोडला आणि पुढे तो २,६३२ वर नेला, हे सर्वांना ठाऊक असते. मात्र १ जुलै १९८२ रोजी व्यवस्थापक अर्ल वीव्हर यांनी तिसऱ्या बेसवरून त्यांना शॉर्टस्टॉपच्या जागी आणले तेव्हा ६ फूट ४ इंच उंचीचा माणूस ही जागा कशी सांभाळणार, अशी शंका घेतली जात होती, हे कमी लोकांना आठवते. रिपकेन यांनी पायांच्या वेगाची उणीव अंदाजाने भरून काढली: पिचर कोणता चेंडू टाकणार आणि फलंदाज तो कुठे मारण्याची शक्यता आहे हे ओळखून ते आधीच तिथे उभे असत. १९८४ मध्ये त्यांच्या फेकींची संख्या ५८३ होती, अमेरिकन लीगचा विक्रम. १९९० मध्ये संपूर्ण हंगामात त्यांच्याकडून फक्त ३ चुका झाल्या, आणि त्या वर्षीही गोल्ड ग्लव्ह दुसऱ्यालाच मिळाला. त्यांना तो मिळाला केवळ दोनदा, १९९१ आणि १९९२ मध्ये.

४३१ होम रनपैकी ३४५ त्यांनी शॉर्टस्टॉप म्हणून खेळताना मारले, आणि या जागेवरचा हा उच्चांक आहे. बॅट आणि ग्लव्ह या दोन्ही खात्यांत इतकी मोठी शिल्लक, तीही १४-१५ वर्षे त्याच जागेवर, वॅग्नर यांच्याखेरीज कोणाकडे नाही.

कोणत्या खेळाडूंची सर्वाधिक उपेक्षा झाली आहे?

माझ्या दृष्टीने आर्की वॉन यांची. पिट्सबर्गकडून १९३५ मध्ये ०.३८५ सरासरी, कारकिर्दीत ०.३१८, आणि ओपीएस प्लस १३६. या जागेवर दीर्घकाळ खेळलेल्यांत वॅग्नर यांच्यानंतर फलंदाजीत इतके उजवे फार थोडे. १९५२ मध्ये, वयाच्या अवघ्या ४० व्या वर्षी, कॅलिफोर्नियातील एका तळ्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. आपली बाजू मांडायला, आठवणी सांगायला ते राहिले नाहीत, आणि हॉल ऑफ फेमने त्यांची दखल घेतली ती १९८५ मध्ये.

ॲलन ट्रॅमल यांचेही उदाहरण बोलके आहे. वॉरच्या मापाने ते आणि जीटर जवळजवळ समान आहेत. तरीही पत्रकारांच्या मतदानात ट्रॅमल यांची निवड कधीच झाली नाही. २०१८ मध्ये समितीमार्फत त्यांना प्रवेश मिळाला. डेट्रॉइट आणि न्यूयॉर्क यांच्या प्रसिद्धीत जो फरक आहे, तो मतपेटीत असा उतरतो.

दुसऱ्या महायुद्धात गमावलेल्या वर्षांचे काय?

ब्रुकलिनचे पी वी रीस आणि यांकीजचे फिल रिझुटो यांची १९४३ ते १९४५ ही तीनही वर्षे युद्धसेवेत गेली, आणि ती त्यांच्या पंचविशीच्या आसपासची होती. त्या वर्षांसाठी कल्पित आकडे जोडू नयेत, पण रीस यांना ट्रॅमल किंवा लार्किन यांच्या पंक्तीत बसवताना हात आखडताही घेऊ नये.

मग आपली क्रमवारी काय आहे?

वॅग्नर पहिले, रिपकेन दुसरे. तिसऱ्या स्थानावर मी लॉइड यांना ठेवतो. हा निर्णय आकड्यांपेक्षा समकालीनांच्या साक्षीवर अधिक उभा आहे आणि तो मी पूर्ण जबाबदारीने घेतो. चौथे ऑझी स्मिथ, कारण या जागेचे जे मूळ काम आहे ते त्यांच्याहून चांगले कोणी केलेले नाही. पाचवे रॉड्रिगेझ, सहावे वॉन, सातवे बँक्स. त्यानंतर जीटर, लार्किन, ट्रॅमल आणि ॲपलिंग यांचा एक गट आहे, आणि त्यात कोणी कोणाच्या वर आहे असे कोणी सांगितले तर मी वाद घालणार नाही. १९३६ मध्ये ०.३८८ सरासरी राखणारे ॲपलिंग त्या गटात सर्वांत शेवटी वाचले जातात, एवढेच मला खटकते.

सध्या खेळणाऱ्यांपैकी कोणाला या यादीत जागा मिळू शकेल?

पोर्तो रिकोचे फ्रान्सिस्को लिंडोर या यादीच्या सर्वांत जवळ आहेत. क्षेत्ररक्षण उत्तम, फलंदाजी भक्कम, आणि शॉर्टस्टॉपची जागा त्यांनी सोडलेली नाही. कोरी सीगर यांनी २०२० आणि २०२३ अशा दोन वर्ल्ड सिरीजमध्ये सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला आहे, पण दुखापतींनी त्यांचे अनेक सामने हिरावले. कॅन्सस सिटीचे बॉबी विट ज्युनिअर यांच्याकडे मी सर्वाधिक आशेने पाहतो: २०२३ आणि २०२४ या दोन्ही हंगामांत ३० हून अधिक किंवा तितकेच होम रन आणि ३० हून अधिक चोरलेले बेस, २०२४ मध्ये ०.३३२ सरासरीसह लीगमध्ये अव्वल स्थान आणि त्याच वर्षी गोल्ड ग्लव्ह. नोमार गार्सियापारा यांनीही १९९९ आणि २००० मध्ये ०.३५७ आणि ०.३७२ अशी सरासरी राखली होती आणि मनगटाच्या दुखापतीनंतर ते पुन्हा तसे खेळू शकले नाहीत, हे लक्षात ठेवून विट यांचा क्रमांक आणखी सात-आठ वर्षांनीच ठरवावा.